अर्धा सूत

फेंडर कंपनी आपल्या गिटारींसाठी मापांचा एक तक्ता देते. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट; त्यातल्या सतराव्या फ्रेटचा माथा आणि त्यावरून जाणारी तार यांच्यात किती जागा असावी, ते त्यात लिहिलेलं आहे: चार चौसष्टांश इंच. तो तक्ता मी मोबाइलवर उघडून आमच्या सुतारकाकांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मनाशी काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "म्हंजे अर्धा सूत."

आठ सुतांचा इंच. दाराची चौकट, खिडकीची झडप, देव्हाऱ्याचा कळस, काका सगळं सुतात मोजतात. माझ्या गिटारीची तार त्या दिवशी पुरं एक सूत वर उभी होती. तीन आठवडे मी रोज रात्री अर्धा तास त्या तारा दाबत होते आणि बोटांच्या शेंड्यांना पडलेले चर सकाळी पतसंस्थेत नोटा मोजताना झोंबत होते. वय त्रेचाळीस, बोटं जून झाली, आता हे असंच दुखणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. बोटांचा काहीच दोष नव्हता. तार दुप्पट उंचीवर होती.

ही गिटार मी फार वर्षं मनात ठेवून घेतली. रत्नागिरीला कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरी कोलकात्याला बनलेली एक साधी लाकडी गिटार होती. तिच्यावर सहा कॉर्ड शिकले, आणि मग नोकरी, आईचं आजारपण, देवगडला परत येणं यात ते मागे पडलं. पण इलेक्ट्रिक गिटारीचा सूर डोक्यातून गेला नाही. साध्या गिटारीचा सूर छेडला की लगेच विरायला लागतो. इलेक्ट्रिकवर तो रेंगाळतो, आणि रेंगाळतो म्हणून तार बाजूला ओढून त्याला वर नेता येतं. सतारीवर मींड घेतात तसंच. मला ती मींड हवी होती.

मुंबईला कामासाठी गेले तेव्हा धोबीतलावला जेर महालात गेले. फुर्ताडोचं दुकान १८६५ पासूनचं. आमच्याकडच्या चर्चमधल्या आणि बँडमधल्या वादकांना हे नाव पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तिथे तासभर चार गिटारी मांडीवर घेऊन पाहिल्या. एकही विकत घेतली नाही, पण वजन किती पेलवतं, मानेची कुठली जाडी माझ्या आखूड बोटांना जमते, हे कळलं. ज्याला शक्य आहे त्याने एवढं तरी करावंच. गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून मानेवरून नजर टाकावी, सुतार फळी सरळ आहे का बघतो तशी. मग मानेच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवावा. पुढे सहा महिन्यांनी मी पैसे साठवून दुसऱ्याच एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली आणि नेमकी ही तळवा फिरवण्याची संधी गमावली. इंडोनेशियात बनलेली, स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, समुद्री निळ्या रंगाची. साडेएकोणीस हजार. पार्सल कणकवलीपर्यंत आलं, तिथून मी एसटीने मांडीवर घेऊन आणलं.

बाबा ओटीवर बसले होते. "ह्या काय हाडलंस गो?"

बाबांचं देवगडच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आधी वॉल्व्हचे सेट, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर. पुढे दुरुस्तीला काही येईनासं झालं आणि दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्ज आला. ते स्वतः कुठलंही वाद्य वाजवत नाहीत. मी त्यांना सांगितलं, ज्या माणसाने हा घाट घडवला तो लिओ फेंडरही रेडिओ दुरुस्त करायचा. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाच्या गावी १९३८ साली त्याने दुकान टाकलं, आणि त्याला गिटार कधीच वाजवता आली नाही. बाबांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग खोकं उघडेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

लिओ फेंडरने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा तिची मान धडाला सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. दुरुस्तीवाल्याचं डोकं ते: बिघडलं तर खोला, बदला, परत बसवा. वादकाला वर्कशॉपमध्ये महिनाभर गिटार ठेवायला लागू नये. त्या चार स्क्रूंमुळेच पुढे हा घाट जगात कुठल्याही कारखान्यात बनू शकला. मान वेगळी, धड वेगळं, प्लास्टिकच्या पट्टीवर सगळी वायरिंग वेगळी, शेवटी जोडणी. आज इंडोनेशिया, चीन इथे बनणाऱ्या या घाटाच्या स्वस्त गिटारींचं माप तेच आहे: नटापासून (मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) घोडीपर्यंत (धडावर तारा जिच्यावर टेकतात ती) साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. मानेला मेपल, आत पोलादी सळई. संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र मान कापतं तेव्हा ती महागड्या गिटारीची आहे की स्वस्त, याने त्याच्या अचूकतेत फरक पडत नाही.

मग पैसे कुठे वाचवतात? थोडे धातूत वाचवतात, थोडे चुंबकांत. पण सगळ्यात जास्त माणसाच्या हाताच्या तासांत. फ्रेटची टोकं एकेक करून गोल करायला वेळ लागतो. नटाच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे हळूहळू खोल करायला वेळ लागतो. स्वस्त गिटारीत हे शेवटचे दोन-तीन तास कुणी दिलेलेच नसतात. ती वाईट नसते, ती अर्ध्यात सोडलेली असते. मला हे आधी कळलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात आठ हजारांचे पिकअप, म्हणजे तारेच्या थरथरण्याची वीज करणारी चुंबकं, मागवले नसते. व्हिडिओ बघून बघून माझी खात्री पटली होती की आवाजाचा सगळा मामला पिकअपमध्येच आहे. ते आले आणि सहा महिने टेबलाच्या खणात पडून राहिले, कारण आधी गिटार हातात धरण्याजोगी करायला हवी होती. मानेच्या कडेने हात सरकवला की फ्रेटची टोकं करवतीच्या दातांसारखी लागायची. एकदा तर्जनीला चांगलंच कापलं.

म्हणून सुतारकाकांकडे गेले. कोल्हापूरला किंवा पुण्याला गिटारीचा कारागीर मिळाला असता, पण दोन दिवसांची रजा आणि येण्याजाण्याचा खर्च धरला तर ते जमणारं नव्हतं. काकांनी गिटार पाटावर उताणी ठेवली. रंगाकडे, चकाकीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. अंगठ्याचं नख त्यांनी मानेवरच्या काळपट पट्टीवर ओढलं, ती तिरपी धरून उजेडात रेषा पाहिल्या.

"ह्या तर ऐन."

मी म्हटलं, नाही काका, हे इंडियन लॉरेल. माहितीत तसं लिहिलंय. ते काही बोलले नाहीत. रात्री मी शोधलं. इंडियन लॉरेल हे लाकडाच्या व्यापारातलं नाव, झाड टर्मिनालिया इलिप्टिका, मराठीत ऐन.

ऐन! ज्याची साल सुसरीच्या पाठीसारखी चिरफाळलेली असते, ज्याचे टहाळ तोडून आजी भाताच्या तरव्यासाठी राब भाजायची, ज्याचे वासे आमच्या जुन्या घराच्या माडीला शंभर वर्षं होते. ऐन-किंजळ हे जोडनाव तर आमच्याकडे एका दमात घेतात. गिटारीच्या पट्टीसाठी आधी शिसव वापरायचे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्यांचं बंधन आलं. गिटार देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं, आणि स्वस्त गिटारीला तो खर्च झेपणारा नव्हता. मग कारखान्यांनी दुसरी लाकडं शोधली, त्यात ऐन आला. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी ऐन राहिलाच. भारतापासून व्हिएतनामपर्यंत हे झाड वाढतं. पण माझ्यासाठी ते आमच्या परड्यामागचं झाड आहे. मी 'इम्पोर्टेड' म्हणून आणलेल्या वस्तूवर रोज बोटं ठेवत होते ती ऐनावर, आणि ते मला एका सुताराने नखाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी काम सुरू केलं. ऐनावर कागदी चिकटपट्टी लावली, फक्त फ्रेट उघडे ठेवले. तिकोनी कानशीची एक धार घासून गुळगुळीत केली, म्हणजे ती लाकडाला लागली तरी ओरखडा उठू नये. बावीस फ्रेट, दोन्हीकडची मिळून चव्वेचाळीस टोकं. प्रत्येकाचा कंगोरा मोडायचा, मग बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. संध्याकाळपर्यंत एकच बाजू झाली. दुसरी बाजू झाल्यावर मी डोळे मिटून मानेवरून हात नेला आणि पुन्हा पुन्हा नेत राहिले.

मग मान. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४७ किलो असतो. तांदळाचं पोतं म्हणा ना, एका दोन इंची काठीवर रात्रंदिवस टांगलेलं. ती वाकू नये म्हणून आत सळई. सळई ताणली की मान मागे जाते, सैल सोडली की पुढे वाकते. मान अगदी सरळही नको. तार थरथरते तिला मध्ये जागा लागते, पाव मिलिमीटर, साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची. मी चावी एका वेळी एक अष्टमांश फेरा फिरवायची, रात्रभर थांबायची, सकाळी पोस्टकार्ड सरकवून बघायची. घाई केली तर सळईचे आटे जातात आणि मग मान टाकूनच द्यावी लागते.

घोडीवरचे छोटे स्क्रू खाली घेतले तरी तार अर्ध्या सुतावर येईना. काकांनी चार स्क्रू खोलून मान बाहेर काढली, बुडाशी कागदाची एक पातळ घडी घातली, तिचा कोन किंचित बदलला. तेव्हा बसली. नटाच्या खाचाही त्यांनीच उतरवल्या. पहिल्या तारेची खाच एक घास जास्त गेली आणि ती मोकळी तार फ्रेटवर खणखणायला लागली. काकांना फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तो प्लास्टिकचा होता, तसाही बदलायचाच होता. हाडाचा नट मागवला, आणि या वेळी त्यांनी प्रत्येक खाचेला पाऊण दिवस दिला. खाचांत शिसपेन्सिलीचं टोक घासलं, म्हणजे तार ओढून सोडल्यावर अडकत नाही, जागेवर परत येते.

इतकं सगळं झाल्यावर मी गिटारीचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प लावला आणि घरभर गुणगुण भरली. ती आधीही होती, पण तेव्हा मला वाटायचं की स्वस्त गिटारीचा आवाज असाच असतो. बाबा आतून आले. त्यांनी मला गिटारीसकट खुर्चीत गोल फिरायला सांगितलं. एका दिशेला गुणगुण जवळजवळ बंद झाली. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी दुकान बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. "ह्यो तर एरियल!"

खरंच आहे ते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उमटते. पण घरातल्या ट्यूबच्या चोकचं, पंख्याचं, ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्‌झचं क्षेत्रही ते वेढे तितक्याच इमानाने पकडतात. रत्नागिरी आकाशवाणी नीट लागावी म्हणून आपण ट्रान्झिस्टर फिरवायचो तेव्हा त्याच्या आतली फेराइटवरची गुंडाळी हेच करायची.

बाबांनी आधी घराचं अर्थिंग तपासलं. गिटारीच्या तारा अ‍ॅम्पच्या मार्फत अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणारा माणूसही. अर्थ तुटलेला असेल तर गुणगुण ही लहान गोष्ट, जीव जाऊ शकतो. आमचा तुटलेला होता. खाऱ्या हवेने खड्ड्यातली पट्टी गंजून गेली होती. जांभ्याची जमीन तशीही विजेला चांगली वाट देत नाही, उन्हाळ्यात सुकली की आणखीच नाही. नवीन तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि मे महिन्यात रोज एक बादली पाणी. शिवाय बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. माझ्या एकूण खर्चातला हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च होता, आणि किनाऱ्यावर राहून इलेक्ट्रिक वाद्य वाजवणाऱ्या प्रत्येकाने हा आधी करावा असं मी कळकळीने सांगते.

मग गिटारीचं पोट उघडलं. "आयएफटीक डबो आसता ना, तसो ह्येका करूया," बाबा म्हणाले. रेडिओत नाजूक गुंडाळ्यांवर पत्र्याची डबी असते, ती बाहेरची कुरकुर आत येऊ देत नाही. आम्ही आतल्या सगळ्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावली, प्रत्येक सांध्यावर डाग दिला आणि ती अर्थला जोडली. बाबांचा हात आता थरथरतो. डाग द्यायची इस्त्री टेकवायच्या आधी ते मनगट पाटाला टेकवत, श्वास सोडत, आणि राळेचा धूर वर आला की हात दगडासारखा स्थिर व्हायचा.

खणातल्या पिकअपांची गोष्ट राहिली. ते बसवायच्या आधी बाबांनी जुन्यांनाच एक संधी दिली. स्क्रूड्रायव्हरने ते तारांपासून थोडे खाली उतरवले, आणि जो कर्कशपणा मला खुपत होता त्यातला निम्मा फुकटात गेला. चुंबक तारेच्या फार जवळ असला की तो तिला ओढत राहतो, तिचं मोकळं थरथरणं बिघडवतो. पुढे नवे बसवलेच. जुन्यांत तळाला सिरॅमिकची एक पट्टी चिकटवलेली होती, नव्यांत सहा दांडे स्वतःच अल्निकोचे. अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. वॉल्व्ह रेडिओच्या स्पीकरला हाच चुंबक असायचा, नंतर कोबाल्ट महागलं आणि फेराइट आलं, हे बाबांना तोंडपाठ. फरक आहे: सूर गोल झाला, छेडल्याक्षणीचं ठोसरेपण गेलं. पण काकांच्या कानशीने जो फरक पडला त्याच्या चौथा हिस्साही नाही. ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने पिकअप शेवटी घ्यावेत, किंवा घेऊच नयेत.

समुद्र मात्र रोजचा आहे. साध्या तारा आमच्याकडे तीन आठवड्यांत काळ्या पडतात, बोटांना खरखरतात. लेप दिलेल्या तारा दुप्पट महाग पण तीन महिने जातात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसायची. घोडीचे तीन मिलिमीटरचे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजले. होड्यांच्या इंजिनांचं काम करणाऱ्या एकाने सांगितलं, ३१६ नंबरचं स्टेनलेस घाल, त्यात मॉलिब्डेनम असतं, खारं पाणी त्याला लवकर खात नाही. ते घातल्यापासून तक्रार नाही.

पावसाळ्यात कुठे ठेवावी हे भजनीबुवांनी सांगितलं. त्यांची पेटी कपाटात असते आणि जून ते सप्टेंबर त्या कपाटात चाळीसचा बल्ब जळत असतो. पेटीही एके काळी परदेशीच. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली, कोलकात्यात तिला हाताचा भाता मिळाला, १९४० ते १९७१ आकाशवाणीने तिला दूर ठेवलं, आणि तरीही तिच्याशिवाय आमच्याकडे भजन उभं राहत नाही. बुवांनी माझी जाड तार ऐकली आणि लगेच म्हणाले, "पांढरी तीन." म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर.

यंदा मृगात तारा पुन्हा थोड्या वर आल्या. एवढा पाऊस पडतो तिथे लाकूड श्वास घेणारच. काकांनी परत मान काढली, कागदाची घडी बदलायला. मी या वेळी विजेरी धरून होते, म्हणून खोबणीत पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: एक वळणदार खूण आणि त्यापुढे दोन आकडे. इंडोनेशियातल्या कारखान्यात कुणीतरी तपासून केलेली सही. बाबांना दाखवली. त्यांनी भिंग आणलं, बराच वेळ पाहिलं. "कोणाचो तरी हात लागलेलो आसा ह्येका."

बाबा रेडिओ दुरुस्त केला की पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि काम लिहायचे. पुन्हा तोच सेट आला तर आपण आधी काय केलं होतं ते समजावं म्हणून. गावात अजून अशा पेट्या सापडतात. त्यांनी माझ्याकडून नटाला घासायची ती पेन्सिल मागून घेतली आणि त्या खुणेच्या खाली, मनगट टेकवून, बारीक अक्षरात तारीख आणि 'अर्थ, शील्ड' एवढं लिहिलं. मग पेन्सिल काकांपुढे धरली. काका लिहीत नाहीत. त्यांनी कानावरची स्वतःची चपटी पेन्सिल काढली आणि मानेच्या बुडावर दोन आणि खोबणीच्या कडेला दोन अशा आखूड रेघा ओढल्या, चौकटीचा कुठला खांब कुठल्या भोकात जातो ते कळायला ओढतात तशा.

मान बसवली. चार स्क्रू आलटून पालटून, कोपऱ्याला कोपरा, आवळले. मी जाड तार पांढरी तीनपर्यंत आणली आणि काकांनी पट्टी लावून सतराव्या फ्रेटपाशी पाहिलं.